कपड्यांआड बाळगायचं छोटं पिस्तूल निवडताना: आधी हात, मग रेंज, मग कंबर

दुकानातल्या काचेच्या काउंटरवर चार पिस्तुलं मांडलेली असतात. त्यातलं सगळ्यांत छोटं उचललं की तळहातात अलगद मावतं, वजन जाणवतही नाही, आणि दहा मिनिटांत कार्ड पुढे केलं जातं. पुढच्या शनिवारी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) त्याच पिस्तुलातून वीस गोळ्या सुटल्या की अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. मग सराव लांबतो, आणि दोन महिन्यांत ते पिस्तूल तिजोरीच्या तळाशी जातं. नेमबाजी कच्ची असल्यामुळे हे होत नाही. ज्या क्षणी निर्णय घ्यायचा नसतो, नेमका त्याच क्षणी तो घेतलेला असतो.

‘हाताला बरं वाटतं’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत: रिकामं पिस्तूल धरताना बरं वाटणं, गोळी सुटताना बरं वाटणं, आणि दिवसभर कमरेला असताना बरं वाटणं. यातली पहिली सगळ्यांत जास्त फसवते. म्हणून खालचे टप्पे लिहिलेल्या क्रमानेच घ्या. तिसरा टप्पा झाला म्हणून चौथा गाळू नका.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या कायद्यानुसार पिस्तूल घेण्याचा हक्क असणाऱ्या वाचकांसाठी आहे. भारतातली शस्त्र परवान्याची पद्धत पूर्ण निराळी आहे आणि इथलं काही तिकडे लागू होत नाही.

टप्पा १: दुकानाची पायरी चढण्याआधी कायदा

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर पुढे वाचा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर इथेच थांबा. या व्हिसांवरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते इमिग्रेशनच्या वकिलाकडून समजून घ्यायचे, ऑफिसातल्या मित्राकडून नाही. बंदुकीशी संबंधित गुन्हा ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर घालवू शकतो.

आपल्या लोकांकडून हमखास होणारी एक चूक म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना किंवा भाच्याला ‘गंमत म्हणून’ रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देणं. पर्यटक व्हिसासुद्धा याच मनाईत येतो, आणि रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हेही बाळगणंच धरलं जातं.

यानंतर राज्याचे नियम बघा. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. इलिनॉयमध्ये परवान्यासाठी १६ तासांचं प्रशिक्षण लागतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर (मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीवर) बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर विक्रीयोग्य हँडगनची सरकारी यादीच आहे. मनात भरलेलं मॉडेल त्या यादीत नसेल तर दुकानदार ते नवं विकू शकत नाही. हे कायदे कोर्टात वरचेवर बदलत असतात. म्हणून खरेदीच्या आठवड्यात राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजी स्थिती बघून घ्या. आणखी एक: शेजारच्या राज्यातल्या दुकानात स्वस्त मिळाली म्हणून हँडगन थेट हातात घेऊन येता येत नाही. ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवून तिथून घ्यावी लागते.

सावध: राज्यात परवाना लागत नसला तरी तो काढलेला बरा. संघीय कायद्यानुसार शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगता येत नाही, आणि यातून सूट आहे ती त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला. ‘परवाना लागतच नाही’ हे या सुटीसाठी पुरत नाही. आणि परवाना असला तरी खुद्द शाळेच्या इमारतीत बंदूक नेणं बहुतेक राज्यांत गुन्हाच आहे. महाराष्ट्र मंडळांचे गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम बऱ्याचदा भाड्याच्या शाळेच्या सभागृहात असतात. शनिवार असला आणि एकही विद्यार्थी नसला तरी ती शाळेचीच जागा. त्या दिवशी पिस्तूल घरी, तिजोरीत.

टप्पा २: घरी, रिकाम्या हाताने

याला वीस मिनिटं लागतात, आणि बहुतेक जण नेमका हाच टप्पा गाळतात.

ज्या हाताने लिहिता तो तळहात उघडा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीच्या तळापासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या गादीच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. ही तुमची चापापर्यंतची पोच. दुकानात पिस्तुलाच्या मुठीच्या मागच्या कडेपासून चापापर्यंतचं अंतर याच्याशी ताडता येतं. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण मोठी तफावत लगेच कळते.

नंतर मुख्य डोळा शोधा. दोन्ही हात ताठ करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा आणि त्यातून भिंतीवरच्या स्विचकडे बघा. एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला स्विच दिसत राहतो तो मुख्य. उजव्या हाताच्या माणसाचा मुख्य डोळा डावा निघाला तर घाबरायचं कारण नाही. पिस्तूल थोडं डावीकडे आणायचं किंवा हनुवटी किंचित वळवायची, एवढंच. पण हे आधी माहीत नसेल तर रेंजवर गोळ्या बाजूला जाताना दोष पिस्तुलाला दिला जातो.

बोटांची ताकद आणि सांधे यांचा हिशेब प्रामाणिकपणे करा. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण दुसऱ्याला द्यावं लागत असेल, मनगटात कार्पल टनेलचा त्रास असेल, तर ते कागदावर लिहा. डावखुरे असाल तर तेही लिहा.

शेवटी कपाट उघडा. आठवड्यातले पाच दिवस अंगावर काय असतं? पट्ट्याची जीन्स आणि बाहेर सोडलेला शर्ट, की खोचलेला शर्ट, की कुर्ता-लेगिंग? ज्या कपड्यांना पट्टाच नाही त्यांच्यासाठी पिस्तूल निवडण्याआधी ते अंगावर कुठे राहणार हे ठरवावं लागतं.

तपासणी: कागदावर पाच ओळी हव्यात. चापापर्यंतची पोच, मुख्य डोळा, उजवा की डावखुरा, हाताची ताकद, रोजचे कपडे. हा कागद खिशात घालूनच दुकानात जा.

टप्पा ३: यादी तीन-चारांवर आणा

आकाराचे ढोबळ तीन गट आहेत. खिशात मावणारी अगदी छोटी, उदाहरणार्थ .३८० एसीपी या काडतुसाचं रुगर एलसीपी, रिकामं असताना सुमारे २७० ग्रॅम. मधली बारीक ९ मिमी: सिग पी३६५ (सुमारे ५०० ग्रॅम, १० गोळ्या), ग्लॉक ४३एक्स (१० गोळ्या), स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस, स्प्रिंगफील्डचं हेलकॅट. आणि खऱ्या अर्थाने कॉम्पॅक्ट म्हणावं असं ग्लॉक १९: नळी सुमारे १०२ मिमी, १५ गोळ्या, भरलेलं असताना साधारण ८५० ग्रॅम.

यादी करताना एक हिशेब डोक्यात ठेवा. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर हाताला बसणाऱ्या झटक्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. गोळी पुढे जाताना जेवढा जोर मागे ढकलते तो ठरलेला असतो. हलकं पिस्तूल त्याच जोराने जास्त वेगाने मागे येतं. दुकानात जो हलकेपणा सुखाचा वाटतो तोच रेंजवर चावतो.

दोन गैरसमज इथेच बाजूला ठेवा. पहिला: ‘.३८० म्हणजे सौम्य’. काडतूस ९ मिमीपेक्षा सौम्य आहे हे खरं, पण २७० ग्रॅमच्या पिस्तुलातून सुटलं की त्या सौम्यपणाला अर्थ राहत नाही. शिवाय .३८० ची काही पिस्तुलं साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. त्यांत स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) फक्त स्प्रिंग आणि स्वतःच्या वजनावर थांबते. म्हणून स्प्रिंग कडक, स्लाइड ओढायला जड आणि झटका टोकदार. दुसरा गैरसमज त्याहून घातक: ‘बाईमाणसाला किंवा नवख्याला छोटं रिव्हॉल्व्हर द्या’. स्मिथ अँड वेसनचं ६४२ घ्या. पाच गोळ्या, .३८ स्पेशल, वजन सुमारे ४१० ग्रॅम. त्याचा चाप लांब आणि जड, साइट (नेम धरायची खूण) नावापुरती, झटका थेट तळव्यात. ते मुरलेल्या हाताचं हत्यार आहे. स्लाइड ओढणं जड जात असेल तर रिव्हॉल्व्हरकडे वळण्याआधी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड ओढून बघा. ते सहज ओढता यावं म्हणूनच बनवलेलं आहे, आणि .३८० व ९ मिमी दोन्हींत मिळतं.

मधल्या गटातली दोन, कॉम्पॅक्ट एक, आणि हाताचा त्रास असेल तर ईझेड. एवढीच यादी घेऊन निघा.

टप्पा ४: दुकानात, काउंटरसमोर

विक्रेता पिस्तूल देताना मॅगझिन काढून, स्लाइड मागे अडकवून, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाचा, गोळी बसते तो कप्पा) रिकामा दाखवून देतो. तुम्ही हातात घेतल्यावर स्वतः पुन्हा बघा. डोळ्यांनी बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपाही. नळीचं तोंड कुठे सुरक्षित धरायचं ते त्यालाच विचारा. बोट चापाबाहेर, फ्रेमवर (स्लाइडखालच्या सांगाड्यावर) सरळ. रिकामा चाप ओढून बघायचा असेल तर आधी परवानगी घ्या.

१) बेचकी. बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी न्या, अगदी शेपटीसारख्या बाहेर आलेल्या भागाखाली टेकेपर्यंत. हात खाली राहिला तर झटक्याला तरफ मिळते आणि नळी जास्त उसळते. हात मोठा आणि मांसल असेल तर अगदी छोट्या पिस्तुलावर बेचकीचं मांस वर फुगून स्लाइडच्या वाटेत येतं. रेंजवर स्लाइड तिथे दोन समांतर ओरखडे काढते. तसं दिसलं तर ते पिस्तूल तुमचं नाही.

२) सरळ रेष. आता वरून बघा. नळी, मनगट आणि कोपर एका रेषेत हवेत. लहान हाताची माणसं चाप गाठण्यासाठी नकळत मूठ तळव्यात फिरवतात. बोट पोचतं, पण मुठीचा मागचा कणा बेचकीतून सरकून अंगठ्याच्या सांध्यावर येतो. दुकानात काहीच जाणवत नाही. रेंजवर मात्र प्रत्येक गोळीचा दणका त्या सांध्यावर बसतो. सुरुवातीला म्हटलेलं ठणकणारं अंगठ्याचं मूळ बऱ्याचदा इथून येतं, काडतुसामुळे नाही.

३) चाप. रेष न मोडता बोट चापावर ठेवा. पहिल्या पेराची गादी चापाच्या मध्यावर यायला हवी. नुसतं टोक पोचत असेल तर पिस्तूल मोठं. पेरामधली घडी चापावर येत असेल किंवा बोट पलीकडे बाहेर येत असेल तर लहान. बोटाची आतली बाजू फ्रेमला घासत असेल तर चाप ओढताना ती फ्रेमलाही ढकलेल आणि गोळ्या बाजूला जातील.

पोच जुळत नसेल तर लगेच नकार देऊ नका. मुठीची मागची पट्टी बदलता येते का ते विचारा. ग्लॉक १९ मध्ये चौथ्या पिढीपासून ती बदलता येते. ४३एक्समध्ये येत नाही, तिथे आहे ती मूठ पदरी पडते. सिग पी३६५ मध्ये अख्खी मूठच बदलता येते, कारण कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे नंबर असलेला आतला धातूचा भाग. मूठ हे नुसतं प्लास्टिकचं कवच.

४) करंगळी. तीन बोटं मुठीवर बसतात का? करंगळी खाली लोंबकळत असेल तर पकडीची बरीच ताकद गेली. लांब तळाचं मॅगझिन घातलं की करंगळीला जागा मिळते. पण मूठ जितकी लांब तितकी ती शर्टातून उठून दिसते, हे टप्पा ६ साठी लक्षात ठेवा.

५) दुसरा हात. हा मुद्दा जवळजवळ सगळे विसरतात. उजव्या हाताने धरल्यावर मुठीच्या डाव्या बाजूला रिकामी जागा उरते का? डाव्या तळव्याचा गुबगुबीत भाग तिथे टेकायला हवा. बोटं लांब असतील तर फार बारीक मुठीवर उजव्या हाताची बोटंच वळसा घालून ती जागा व्यापतात आणि डावा हात नुसता वरून गुंडाळला जातो. म्हणून ‘जितकं बारीक तितकं बरं’ हे मोठ्या हाताला लागू पडत नाही.

६) बटणं. मॅगझिनचं बटण अंगठ्याने दाबता येतं का, पकड थोडी सैल करावी लागली तरी चालेल. पण स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर तुमचा अंगठा विसावत असेल तर ते हेरून ठेवा. रेंजवर शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकणार नाही, आणि लोक ‘पिस्तूल बिघडलेलं निघालं’ म्हणून परत आणतात. डावखुऱ्यांनी बटण दुसऱ्या बाजूला घेता येतं का हे विचारायचं.

७) स्लाइड. नुसतं मागे ओढू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, डावा पंजा वरून स्लाइडच्या मागच्या खाचांवर ठेवा, आणि डाव्या हाताने मागे ओढताना उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकला. ताकद दोन्ही हातांत वाटली जाते. ‘मला ओढताच येत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांना या पद्धतीने पहिल्याच खेपेला जमतं. पाच वेळा करा. पाचव्या वेळी पहिल्यासारखंच जमलं पाहिजे.

सावध: स्लाइड ओढताना उजव्या हाताच्या माणसाची नळी डावीकडे वळते आणि शेजारच्या गिऱ्हाइकावर रोखली जाते. नळी जागेवर ठेवून स्वतःचं अंग वळवा.

८) डोळे मिटून. सुरक्षित दिशेला भिंतीवर एक ठिपका निवडा. डोळे मिटा, पिस्तूल त्या दिशेला उचला, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप आली का? दर वेळी नळी वर किंवा खाली निघत असेल तर मुठीचा कोन तुमच्या मनगटाला जुळत नाही. तीनदा करून बघा. एकदा चुकणं काही सांगत नाही.

तपासणी: पहिल्या तीनपैकी एकात जरी पिस्तूल नापास झालं आणि पट्टी बदलूनही सुधारलं नाही, तर यादीतून काढा. चार ते आठमध्ये थोडं डावंउजवं चालतं. कितीही सवलत असली तरी आज विकत घ्यायचं नाही.

टप्पा ५: रेंजवर, भाड्याने

अनेक इनडोअर रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. एका खेपेला दोन, फार तर तीन. चौथ्याला हात थकलेला असतो आणि थकलेला हात सगळ्यांनाच नापास करतो.

तयारी: चष्मा, कानात बोळे आणि वरून मफ (बंद जागेत दोन्ही), पुढे चोच असलेली टोपी, बंद बूट. गळा बंद असलेला कपडा घाला. सुटलेल्या काडतुसाचं उडालेलं गरम टरफल गळ्यातून आत गेलं की माणूस नाचतो, आणि नाचणाऱ्याच्या हातात भरलेलं पिस्तूल असतं. ९ मिमीच्या ११५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साध्या गोळ्यांचा ५० चा डबा प्रत्येक पिस्तुलाला एक. मॅगझिन भरायला लोडर मागून घ्या, नाहीतर शेवटच्या दोन गोळ्या भरतानाच अंगठा कामातून जातो.

क्रम असा ठेवा:

यादीतल्या मोठ्या पिस्तुलापासून सुरुवात. छोट्यापासून सुरुवात केली तर पहिल्याच गोळीला दचकण्याची सवय लागते आणि ती दिवसभर उतरत नाही.

पाच यार्डांवर मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून पाच वेळा. मग पाच गोळ्या, सावकाश. मग सात यार्डांवर, म्हणजे २१ फुटांवर, दहा गोळ्या. त्यानंतर, रेंजचे नियम परवानगी देत असतील तर, पाच गोळ्या जरा भरभर.

लक्ष कागदापेक्षा हातावर ठेवा. किती गोळ्यांनंतर पकड पुन्हा जुळवावी लागते ते मोजा. प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात सरकत असेल आणि तुम्ही नकळत ते सावरत असाल, तर ती मूठ तुमची नाही. पाचही गोळ्या एकाच पकडीत गेल्या तर उत्तम. मग हात उघडून बघा. अंगठ्याच्या सांध्यावर लाली म्हणजे मूठ फिरते आहे. मधल्या बोटाच्या पेरावर वरून लाली म्हणजे चापाभोवतीचा कडा टोचतो आहे. बेचकीवर ओरखडा म्हणजे स्लाइड चावते आहे. तळव्याच्या मधोमध पसरलेली ऊब असेल तर ठीक.

उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली-डावीकडे जमा होत असतील तर साइटला हात लावू नका. झटक्याच्या भीतीने मनगट आधीच खाली वाकतं. खात्री करायला सोबत्याला मॅगझिनमध्ये एक नकली काडतूस मिसळायला सांगा. चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला आणि नळी खाली डुचकली, तर दोष तिथेच आहे. एका पिस्तुलावर डुचकते आणि दुसऱ्यावर नाही, हा मात्र निवडीसाठी मोलाचा पुरावा. तुमच्या मनाने नाही, तुमच्या मनगटाने मत दिलेलं असतं.

टरफल अडकलं, गोळी नीट आत गेली नाही, असं हलक्या पिस्तुलावर वारंवार झालं तर मनगट सैल आहे का बघा. स्लाइडला मागे जाण्यासाठी फ्रेम घट्ट धरलेली लागते. मनगट फ्रेमबरोबर मागे गेलं की स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. पकड घट्ट करूनही तसंच होत असेल तर ते पिस्तूल तुमच्या हाताला जमत नाही.

सावध: पिस्तूल अडलं म्हणून नळी वळवून आत डोकावू नका. नळी लक्ष्याकडेच, बोट बाहेर, आणि रेंजवरच्या माणसाला हात करून बोलवा.

शेवटच्या दहा गोळ्या रोज बाळगायच्या जातीच्या म्हणजे हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या), १२४ किंवा १४७ ग्रेनच्या झाडा. त्या महाग असतात, आणि झटका सरावाच्या गोळ्यांपेक्षा वेगळा लागतो.

निघताना हात आणि चेहरा साबण आणि थंड पाण्याने धुवा. शिशाची धूळ असते. हात धुतल्याशिवाय खाण्याच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि ते कपडे घरी मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत.

तपासणी: दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ आवळून बघा. दुखत असेल तर ज्या पिस्तुलाने दुखलं ते वगळा. उरलेल्यांपैकी ज्याच्या पन्नास गोळ्या संपल्यावर आणखी एक डबा घ्यावासा वाटला, ते घ्या.

टप्पा ६: कंबर, पट्टा आणि होल्स्टर

इथे एक उलटी गोष्ट आहे. लपवायला अवघड असते ती मूठ, नळी नाही. नळी पँटच्या आत असते. मूठ पट्ट्याच्या वर असते आणि वाकलं की शर्टाला तंबूसारखी उचलते. म्हणून नळी पाऊणएक इंच लांब घेतली तर फारसं बिघडत नाही, उलट पोटाशी बाळगताना तीच मुठीला आत दाबून ठेवते. मूठ अर्धा इंच वाढली तर मात्र दिसते.

होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, कडक हवं, कायडेक्सचं (टणक प्लास्टिकचं) किंवा जाड चामड्याचं, नेमक्या त्याच मॉडेलसाठी कापलेलं. चाप पूर्ण झाकलेला, आणि पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटायला नको. ‘सगळ्यांना बसतं’ असं लिहिलेली कापडी पिशवी घेऊ नका. पट्टा दीड इंची आणि ताठ. रोजच्या मऊ पट्ट्यावर ८५० ग्रॅम लटकले की पँट एका बाजूला ओघळते, आणि माणूस चारचौघांत सारखी कंबर वर ओढत राहतो. आत बाळगायचं असेल तर पँट कमरेला एक ते दोन इंच सैल घ्या.

आता पिस्तूल रिकामं, मॅगझिन रिकामं, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. असं आठवडाभर फक्त घरात वावरा. बुटाची नाडी बांधा. फडताळावरचा वरचा डबा काढा. गाडीत बसून सीट बेल्ट लावा. संगणकासमोर सलग दोन तास बसा, आणि जमिनीवर मांडी घालून जेवा. शेवटच्या दोहोंत खरी परीक्षा होते. पोटाशी असलेलं पिस्तूल मांडी घातल्यावर जांघेत रुततं. उजव्या कुशीवर, बेंबी बारावर धरली तर घड्याळाच्या तीन-चारच्या काट्यावर असलेलं खुर्चीच्या पाठीला आदळतं. जागा बोटभर पुढेमागे सरकवून बघा. थोडं काचणं पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच होतं. हाडावर टोचणं मात्र सवयीने जात नाही, तिथे जागा किंवा होल्स्टर बदलावं लागतं.

कुर्ता-लेगिंग किंवा साडी असेल तर कमरेला धरायला पट्टा नाही. वेगळा कडक पोटपट्टा मिळतो, पण चाप झाकणारं टणक कवच त्यातही हवंच. पर्समध्ये ठेवणं शक्यतो टाळा. पर्स खांद्यावरून उतरते, कार्टमध्ये राहते, आणि मुलं चॉकलेट शोधायला तीच उघडतात.

सावध: पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालण्याची घाई कधीच करू नका. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकली आणि तुम्ही दाबलंत तर गोळी तुमच्याच मांडीत जाते. शर्ट डाव्या हाताने पूर्ण वर उचला, डोळ्यांनी बघा, मग सावकाश घाला. पोटाशी बाळगत असाल तर होल्स्टर बाहेर काढा, त्यात पिस्तूल घाला, आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावा.

टप्पा ७: भरून बाळगण्याआधी

नवं पिस्तूल घरी आलं की कंपनीचं तेल-ग्रीस पुसून, माहितीपुस्तिकेप्रमाणे साफ करून वंगण द्या. मग रेंजवर सरावाच्या किमान २०० गोळ्या आणि बाळगायच्या जातीच्या ५० गोळ्या. ज्या मॅगझिनसह बाळगणार त्यांच्यातूनच. एखादं मॅगझिन वारंवार अडत असेल तर त्यावर खूण करून ते सरावापुरतं ठेवा.

घरी पिस्तूल अंगावर नाही म्हणजे तिजोरीत. मधली जागा नाही. उशीखाली, कपाटावर, गाडीच्या खणात, यांतली एकही नाही. पटकन उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला किंवा पलंगाच्या चौकटीला बोल्टने आवळा. तुमची मुलं शहाणी असतील, पण वाढदिवसाला आलेली मित्राची मुलं प्रत्येक खण उघडून बघतात.

आणि रेंजची बॅग वेगळी ठेवा, अगदी वेगळ्या रंगाची. तिच्यातून कधी भारताचा प्रवास करायचा नाही. चेन लावलेल्या कोपऱ्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेत सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि ‘माझ्या लक्षात नव्हतं’ हे पुढे कोर्टात सांगत बसावं लागतं. सुट्टीची बॅग भरण्याआधी ती उलटी करून झटका, अस्तराच्या आतून बोट फिरवा, आणि शंका असेल तर दुसरी बॅग घ्या.